चिमुकली माणसे आणि आपली नजर

करमणुकीत नीतीचा प्रश्न कसला, असे काही वाचक विचारतील. दिवसभराचे काम आटोपून एखाद्याने घटकाभर मन रमवले, तर त्यात उपदेशकाने नाक का खुपसावे? आक्षेप रास्त आहे, आणि कोणाच्या छंदाचा न्याय करावा असा माझा हेतूही नाही. परंतु काही छंद असे असतात की ते करणाऱ्याला, आणि शेजारी बसून पाहणाऱ्यालाही, एखादा जुना प्रश्न नव्या बाजूने दिसू लागतो. बागेतील छोट्या आगगाडीसाठी बोटाएवढी माणसे रंगवणे हा तसा एक छंद आहे. त्यातून निघणारा प्रश्न असा: ज्याला आपल्याकडे उलटून पाहता येत नाही, त्याच्याकडे आपण कसे पाहावे?

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी असली आगगाडी पाहिली नसेल, म्हणून आधी तिची थोडी ओळख करून देतो. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत घरामागच्या बागेत रूळ टाकून त्यांवर छोटी गाडी चालवण्याचा छंद फार जुना आहे. ही गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी नसते. खऱ्या गाडीचे एकेक माप घेऊन, ते ठरावीक पटीने लहान करून ती बनवलेली असते. न्युरेंबर्ग येथील लेमान कंपनीने १९६८ साली ऊनपावसात टिकेल अशी, ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी बाजारात आणली आणि हा छंद पुष्कळ घरांत पोहोचला. तिचे प्रमाण एकास साडेबावीस. म्हणजे पाच फूट आठ इंच उंचीचा मनुष्य त्या जगात पावणेआठ सेंटिमीटरचा होतो. इंग्लंडात दुसरे एक प्रमाण लोकप्रिय आहे. तेथे खऱ्या जगातील एका फुटाला १६ मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने दोन फुटी रुळांची गाडी, म्हणजे आपल्या माथेरानची, दार्जिलिंगची किंवा पूर्वीच्या ग्वाल्हेरची, ३२ मिलिमीटरच्या रुळांवर येते आणि आपला तोच मनुष्य नऊ सेंटिमीटरचा होतो. काही इंजिनांत खरोखर पाणी उकळते व ती वाफेवर धावतात.

रूळ झाले, पूल झाला, स्टेशन झाले, म्हणजे राहतात माणसे. ती प्लॅस्टिकची, रेझीनची किंवा धातूची बिनरंगी मिळतात आणि घरी बसून रंगवावी लागतात.

आपल्याकडे याच्या जवळचे काही असेल, तर तो दिवाळीत मुले करतात तो किल्ला. दगडमातीचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव, आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे. महाराज सिंहासनावर बसलेले असूनही दरवाज्यापेक्षा उंच, तोफ बुरुजावर मावत नाही, आणि पायथ्याच्या रस्त्यावर कोणी तरी एक मोटारगाडीही आणून ठेवलेली. त्यात मुलांची चूक मुळीच नाही. त्यांच्या मनात ज्याचा मान मोठा, त्याची आकृती मोठी. पुष्कळ जुन्या चित्रांतही राजा थोराड व सेवक खुजे असेच दिसतात.

बागेतल्या आगगाडीच्या जगात हे चालत नाही. तेथे फूटपट्टीचे राज्य. रेल्वेचा सर्वांत मोठा साहेब असो की हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालणारा गँगमन, दोघांनाही एकाच पटीने लहान व्हावे लागते. पहिल्या वर्गाचा उतारू हमालापेक्षा अर्धा सेंटिमीटरही उंच चालत नाही. मला ही गोष्ट फार आवडली. माणसाला माणसाच्या मापाने मोजावे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. येथे ते मोजपट्टी न बोलता करून दाखवते.

पण मापातली समता ही अर्धीच समता. लक्ष किती दिले, यात ती टिकते की नाही ते पाहावे लागते. आणि तेथे ती बहुधा टिकत नाही.

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षे इंग्लंडात स्थायिक आहे. तो मूळचा ग्वाल्हेरचा. लहानपणी तेथील छोट्या गाडीची शिट्टी ऐकत तो वाढला, आणि ते वेड अंगणात रूळ टाकण्यापर्यंत गेले. ग्वाल्हेरच्या इंजिनाचा नमुना त्याला मिळाला नाही, दार्जिलिंगच्या इंजिनाचा मिळाला. तेव्हा त्याच्या बागेत गुलाबाच्या वाफ्यांतून दार्जिलिंगची गाडी चढते. त्या इंजिनासाठी त्याने एक हिवाळाभर मेहनत केली. जुने फोटो भिंगाखाली धरून कोणत्या पत्र्याला किती रिव्हेट हे मोजले. अशा लोकांना त्या मंडळींत थट्टेने 'रिव्हेट मोजणारे' म्हणतात, आणि तो ते नाव मानाने मिरवतो. माणसांचे मात्र त्याने दुकानातून आणलेल्या दोन तयार आकृत्यांवर भागवले. टोपी व जाकीट घातलेले ते दोघे इंग्लिश ड्रायव्हर चार वर्षे त्या इंजिनावर उभे होते.

आता ज्यांना दार्जिलिंगच्या गाडीची माहिती आहे त्यांना येथे काय खटकेल ते सांगतो. १८८१ साली सुरू झालेली ही गाडी डोंगर कापून बोगद्याने जात नाही. वळसे घेत, कधी पुढे तर कधी मागे जात, ती ७,४०७ फुटांवरच्या घूम स्टेशनपर्यंत चढते. धुके व पाऊस नेहमीचेच. ओल्या रुळांवर चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून जुन्या 'बी' वर्गाच्या इंजिनावर ड्रायव्हर व फायरमन यांच्याखेरीज कोळसा फोडणारा एक मनुष्य असे, आणि इंजिनाच्या अगदी पुढच्या टोकाला दोघे जण बसत. त्यांचे काम रुळांवर हाताने वाळू टाकणे. समोरून येणारा वारा व पाऊस प्रथम त्यांच्या तोंडावर. त्यांनी मूठ उघडली नाही तर गाडी चढत नाही.

मावसभावाच्या इंजिनावर ते दोघे नव्हते. रिव्हेट सगळे जागच्या जागी होते. गाडी चढ चढत होती आणि वाळू कोणीच टाकत नव्हते. यात त्याने काही पाप केले असे मला म्हणावयाचे नाही. तो सुस्वभावी मनुष्य आहे आणि पुढे त्याचे त्यालाच हे सुचले. मला विशेष वाटले ते एवढेच की भिंग हातात घेऊन, महिनोन् महिने तेच फोटो पाहूनही, त्यांत समोरच बसलेली दोन माणसे 'इंजिनाचा भाग नाहीत' म्हणून नजरेतून गळून गेली. लोखंडाचा तपशील हे ज्ञान, आणि माणसे ही सजावट! आपल्या मंडळ्यांचे इतिहास लिहिताना आपणही इमारतीचा पाया कोणत्या तारखेस घातला ते लिहितो, चुना कोणी मळला ते लिहीत नाही. पण तो विषय वेगळा.

वाळू टाकणारे दोघे अखेर तयार झाले. तयार आकृत्यांपैकी बसलेली माणसे कमी मिळतात, आणि दार्जिलिंगची तर नाहीतच. म्हणून उभ्या दोघांचे पाय कापून, गुडघ्यात वळवून, सांधे पुट्टीने भरले. पातळ कागद गोंदाच्या पाण्यात भिजवून तो खांद्यावर शालीसारखा बसवला. मग रंग. हे रंगकाम जवळून पाहण्याची संधी मला मिळाली, आणि माझा खरा विषय तेथे सुरू होतो.

आकृती प्रथम साबणाच्या पाण्याने धुतात, कारण साच्याचे तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. साच्याच्या दोन अर्धांची रेघ चाकूने खरवडतात. अस्तराचा हात देतात. मग आधी कातडी, नंतर आतले कपडे, नंतर बाहेरचे. माणूस कपडे घालतो त्याच क्रमाने. मूळ रंग वाळल्यावर त्याहून गडद व अगदी पातळ रंगाचे पाणी सोडतात. ते आपोआप चुण्यांत जाऊन बसते व सावली होते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. शेवटी चमक मारणारे व्हार्निश, नाही तर मनुष्य तेल लावलेल्या फरशीसारखा झळकतो. शुद्ध काळा व शुद्ध पांढरा रंग जाणते लोक सहसा वापरत नाहीत. काळा कोट म्हणजे गडद करडा, पांढरे धोतर म्हणजे मळकट दुधी. दुरून पाहिलेल्या वस्तूचा रंग फिकटच दिसतो.

सर्वांत अवघड भाग डोळे. नवशिक्या मनुष्य डोळ्यांत पांढरे भरतो आणि मध्ये काळा ठिपका देतो. प्रत्येकाला डोळे असतात, डोळ्यांत पांढरे असते व मध्ये बुबुळ असते, हे त्याला ठाऊक आहे. परिणाम असा होतो की स्टेशनावरची सर्व माणसे भूत पाहिल्यासारखी दिसू लागतात. कारण साधे आहे. सोळा मिलिमीटरच्या प्रमाणात एकास एकोणीस असा हिशेब पडतो. आपण आकृती तीन फुटांवरून पाहतो, म्हणजे त्या माणसाला सत्तावन्न फुटांवरून पाहतो. इतक्या दुरून कोणाच्या डोळ्यांतले पांढरे दिसते काय? भुवईखालची सावली तेवढी दिसते. म्हणून अनुभवी हात खोबणीत गडद तपकिरी रंगाची एक बारीक रेघ ओढतो आणि थांबतो. चेहरा लगेच जिवंत होतो.

यावर मी पुष्कळ विचार केला. पांढरे व ठिपका ही माहिती खोटी नव्हती. खऱ्या माहितीने खोटा चेहरा तयार झाला. माणसांविषयी बोलताना आपले असेच होत नाही काय? अमक्याच्या मुलीने परजातीत लग्न केले, तमक्यावर पतपेढीचे कर्ज आहे, तिसरा पूर्वी पीत असे. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण त्या माणसाकडे आपण जेवढ्या अंतरावरून पाहतो तेवढ्या अंतरावरून त्या दिसत नसतात. कोणी तरी सांगितलेल्या असतात. ते ऐकीव पांढरे आणि काळे आपण त्याच्या चेहऱ्यावर भरतो आणि मग त्याचा चेहरा भयंकर दिसतो म्हणून त्याला टाळतो. खरे बोलणे आणि माहीत आहे तेवढे सगळे बोलणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जे आपल्या ठिकाणावरून दिसत नाही ते सोडून देणे, हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

रंगाविषयी आणखी एक गोष्ट. हंब्रोल या इंग्लिश कंपनीच्या छोट्या डब्यांत ६१ क्रमांकाचा एक रंग असतो. त्याचे नाव 'फ्लेश'. म्हणजे अंगाचा, कातडीचा रंग. डबी उघडली की आत फिकट गुलाबी. कोणाच्या अंगाचा, हे डबीवर लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. मुलांचे रंगीत खडू करणाऱ्या क्रेयोला या अमेरिकन कंपनीच्या खडूंतही याच नावाचा एक खडू होता. तिने १९६२ साली त्याचे नाव बदलून 'पीच', म्हणजे पीच फळाचा रंग, असे ठेवले. खडू तोच राहिला. फक्त जगातल्या सर्व माणसांच्या वतीने बोलण्याचे त्याने थांबवले.

आपण मात्र हे वाचून लगेच परदेशीयांना हसू नये. आपल्या भाषेत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा इतके शब्द आहेत. इतके बारकाईने पाहणारी जमात अंगाच्या रंगाविषयी उदार असायला हवी होती. पण हे शब्द आपण वापरतो कुठे? वधूवरांच्या जाहिरातींत. ख्रिस्ती नियतकालिकांतील जाहिरातीही त्याला अपवाद नसत.

मावसभावाने ती गुलाबी डबी बाजूला ठेवली आणि स्वतः एक तपकिरी रंग कालवला. छान गडद, उबदार रंग. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा आणि वाळू टाकणारे दोघे, असे पाचही जण त्याने त्याच रंगाने रंगवले व वाळत ठेवले. त्याची नऊ वर्षांची मुलगी येऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे पाच जण सख्खे भाऊ आहेत का?" तो हसला, पण त्याने ब्रश धुतला नाही. त्या डोंगरात नेपाळी बोलणारे आहेत, लेपचा आहेत, भुतिया आहेत, खालच्या मैदानातून पोटासाठी वर गेलेले आहेत. थंडीने गाल लाल झालेला एक असेल, भट्टीसमोर तोंड भाजून काळवंडलेला दुसरा. एका डबीत सर्व गोऱ्यांना बसवणे ही जशी आळशी नजर, तशीच एका डबीत सर्व 'हिंदी लोकांना' बसवणे हीही. दुसऱ्याने आपल्याला ढोबळ रंगात रंगवले म्हणून दुखावलेला मनुष्य स्वतःच्या माणसांना बारकाईने पाहीलच, असे नाही.

ढोबळ नजरेचे एक उदाहरण या आकृत्यांच्या इतिहासातच आहे. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. त्यांची उंची सुमारे ५४ मिलिमीटर. त्या काळच्या एका खेळाच्या आगगाडीच्या मापाशी ती जुळत असे. हे सैनिक स्त्रिया हातांनी रंगवीत. पहिल्या महायुद्धानंतर घरोघरी कोणी ना कोणी मेलेले होते, आणि मुलांच्या हातात सैनिक देणे आईबापांना नकोसे झाले. तेव्हा कंपनीने शेत व गाव या विषयावरच्या आकृत्या काढल्या: शेतकरी, गवळण, गाई, मेंढरे. शस्त्रे ओतणाऱ्या साच्यांतून मेंढरे निघावीत, ही गोष्ट मला तरी आनंदाची वाटते. पण याच गावात पुढे 'खेड्यातला वेडा' अशी एक आकृती आली. सांगतात असे की एका प्रदर्शनात राणी मेरी यांनी हे गाव पाहून, येथे एका वेड्याची तेवढी उणीव आहे, असे सहज म्हटले, आणि कंपनीने तो बनवला. अंगात सैल झगा, तोंडात गवताची काडी. आज ती आकृती दुर्मीळ आहे आणि संग्राहक तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात.

हा मनुष्य प्रत्येक गावात असतो. आपल्याही गावांत होता, आहे. मुले त्याच्या मागे लागतात, मोठी माणसे त्याला चहा पाजून गाणे म्हणायला लावतात. त्याचे नाव काय, हे विचारले तर निम्म्या गावाला सांगता येत नाही. मग त्याला बागेतल्या स्टेशनावर ठेवावे की ठेवू नये? थट्टा नको म्हणून त्याला वगळणे सोपे आहे. पण वगळले तर जे गाव त्याला प्रत्यक्षात मिळाले नाही ते खेळातही मिळाले नाही, असे होईल. माझे मत असे की त्याला ठेवावे, पण तोंडातली काडी काढून. त्याचा झगा इतरांच्या कपड्यांइतकाच खांद्यावर विटलेला असावा. त्याच्या भुवईखाली तीच एक तपकिरी रेघ असावी. तो बाकावर बसून गाडीची वाट पाहत असेल, तर तो उतारू आहे.

आता या सर्व छंदावरचा सर्वांत कठीण आक्षेप. ज्या मनुष्याने नऊ सेंटिमीटरच्या हमालाच्या सदऱ्याला आठ संध्याकाळी दिल्या, त्याला आपली पेटी वाहणाऱ्या खऱ्या हमालाचे नाव ठाऊक आहे काय? बाहुलीला दिलेले लक्ष जिवंत माणसाकडून चोरलेले नाही काय?

यावर छंदिष्ट लोक उत्तर देतात की बाहुली रंगवायची तर आधी खरी माणसे पाहावी लागतात. ओझे वाहणाऱ्याचा कोणता खांदा उतरतो, कोट आधी कोपरावर विटतो की खिशाच्या कडेला, कोळसा फोडणाऱ्याच्या नखांत काय असते, हे सर्व पाहिल्याशिवाय ब्रश चालत नाही. हे उत्तर खोटे नाही. पण पुरेसेही नाही. सावकारही माणसाकडे फार बारकाईने पाहतो. ज्याच्याकडे पाहिले त्याच्यापासून काही घेण्यासाठी पाहणे आणि त्याच्यासाठी पाहणे, यांत फरक आहे. शिवाय बाहुली फार सोयीची असते. ती उसने मागत नाही, तिच्या अंगाला वास येत नाही, दारात उभी राहून तीच कहाणी तिसऱ्यांदा सांगत नाही. नको तेव्हा कापसात गुंडाळून डब्यात ठेवता येते. तिच्यावर केलेल्या मेहनतीला प्रेम म्हणणे मला जड जाते.

मग या मेहनतीचा अर्थ काय? मला वाटते तो असा. आपल्या हातून दुर्लक्ष झाले की आपण सर्वांत आधी एक सबब सांगतो: माझ्या लक्षात आले नाही. मोलकरणीच्या पायाला भेगा पडल्या होत्या, लक्षात आले नाही. मागच्या बाकावर बसणारा म्हातारा तीन रविवार आला नाही, लक्षात आले नाही. ही सबब आपण खरी मानतो, कारण आपली नजर मुळातच अधू आहे असे धरून चालतो. ज्याने एकदा दोन मिलिमीटरच्या चुणीत सावलीच्या तीन छटा पाहिल्या आणि रंगवल्या, त्याच्यापाशी ही सबब उरत नाही. नजर होती. ती कशाला द्यावी हे त्याने ठरवले होते. केवळ आकृत्या रंगवणाऱ्यांचे नव्हे, शिवणकाम करणाऱ्या भगिनींचे, हिशेब तपासणाऱ्यांचे, संगीताचा एक चुकलेला स्वर दहा जणांच्या गायनातून ओळखणाऱ्यांचेही असेच आहे. म्हणून हा छंद मला निर्दोष वाटतो, पण निरुपद्रवी वाटत नाही. तो माणसाला त्याच्या स्वतःविरुद्ध साक्षीदार करतो.

त्याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण दिले पाहिजे. इंग्लंडात बीकन्सफील्ड गावी रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या हिशेबतपासनीस गृहस्थांनी आपल्या बागेत एक छोटे गाव व आगगाडी उभारली. १९२९ साली ती लोकांना खुली झाली. बेकन्स्कॉट असे तिचे नाव. तिचे उत्पन्न आरंभापासून धर्मादाय कामांना जात आले आहे, आणि १९७८ पासून बराच काळ तिचा कारभार चर्च आर्मी या ख्रिस्ती संस्थेने पाहिला. तेव्हा, बाहुल्यांनी माणसांचे काय भले केले असे कोणी विचारले, तर निदान तेथील बाहुल्यांना उत्तर देता येईल.

परंतु त्याच बागेत दुसरा एक प्रश्न आहे. पूर्वी त्या गावात काळाप्रमाणे बदल करीत, नवी इंजिने व नव्या धाटणीच्या इमारती येत. १९९२ साली ठरवण्यात आले की गाव पुन्हा १९३० च्या दशकात न्यावे व तेथेच ठेवावे. तेव्हापासून तेथे सदाच तो काळ आहे. हिरवळीवर क्रिकेट, टोपीवाल्या बायका, वाफेची गाडी. खऱ्या १९३६ साली मात्र उत्तरेतील जॅरो गावाहून सुमारे दोनशे बेकार कामगार काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी चालत गेले होते. बागेतल्या रस्त्यांवर ते चालताना दिसतील अशी अपेक्षा करणे कदाचित वेडेपणाचे होईल. मुलांना घेऊन रविवारी जायची ती जागा आहे. तरी गतकाळ रंगवताना ब्रश हाती धरणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि निवडीत कोण सुटले हे आकृत्या सांगत नाहीत. आपल्या आईवडिलांच्या काळाविषयी आपण 'तेव्हा कसे सगळे प्रेमाने राहत' असे म्हणतो, तेव्हा आपणही अशीच एक बाग राखत असतो.

येथे उपदेशकाला एक मोह होतो. आकृती, तिला घडवणारा, वरून पाहणारी मोठी नजर, आणि खाली आपण लहान माणसे: दृष्टांत अगदी तयार आहे. तो मी मुद्दाम घेत नाही. रंगवणारा आपल्या आकृतीला ओळखतो, पण आकृतीला तो कोण हे कधी कळत नाही. तिला 'नाही' म्हणता येत नाही. ज्या नात्यात एका बाजूला 'नाही' म्हणण्याची शक्तीच नाही, त्या नात्यावरून देवाचे व माणसाचे नाते समजावून सांगणे बरे नव्हे. शिवाय असा दृष्टांत देणारा मनुष्य नकळत रंगवणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि समोरची मंडळी त्याला नऊ सेंटिमीटरची दिसू लागते. हा धोका व्यासपीठावर चढणाऱ्या कोणालाही चुकत नाही.

मावसभावाचे वाळू टाकणारे दोघे आता इंजिनाच्या पुढच्या टोकाला आहेत. गाडी गेली की पाहणाऱ्याला त्यांच्या पाठी व शाली दिसतात. चेहरे रुळांकडे वळलेले असल्यामुळे पाहुण्यांना ते कधी दिसायचे नाहीत. ते रंगवायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुढच्या हिवाळ्यात त्याला ग्वाल्हेरच्या गाडीचा एक डबा स्वतः बनवायचा आहे. ती गाडी २०२० साली थांबली. तेथे आता रुंद रूळ येत आहेत. तिच्या टपावर माणसे बसून जात, हे ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको. टपावर निदान तीस माणसे हवीत आणि एकाही दोघांचा चेहरा सारखा नको, असे त्याने ठरवले आहे. "दादा, टपावर बसणारे चपला कुठे ठेवत, तेवढे तिकडे विचारून कळव," असे त्याने मला लिहिले. मी बेळगावचा, मला काय ठाऊक? ग्वाल्हेरच्या मंडळीतील एका वृद्ध भगिनींना विचारले. त्यांचे पती नोकरीच्या दिवसांत त्या गाडीने जात. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. चपला पिशवीत, म्हणाल्या, पिशवी मांडीखाली, आणि पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळलेले.